स्वस्तातलं किट आणि मामींची अट

आमच्या घरमालकांचा उजवा हात थरथरायला लागला, म्हणून मी कार्बोरेटर उघडायला शिकले. त्याआधी तो शब्द मी फक्त मेकॅनिकच्या बिलावर वाचला होता, आणि दर वेळी 'हे काय, आणि एवढं?' म्हणून त्याच्याशी भांडले होते.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवऱ्याला म्हैसूरला नोकरी लागली, पाठोपाठ मीही इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम धरलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. नवरा म्हणतो, हे काम तू फुकटही केलं असतंस. विजयनगरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली मालक आणि मालकीणबाई. त्यांना आम्ही मामा-मामी म्हणतो. मामांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण कशी? "अम्मा, तो नळ सुम्मने उघडा ठेवू नको गं, टाकीतलं नीर खाली होतंय, गोत्ताय्ता?" सुम्मने म्हणजे उगाच आणि गोत्ताय्ता म्हणजे कळलं का, हे समजेपर्यंत पहिला महिनाभर मी नुसती मान डोलवायचे. मला अम्मा का म्हणतात तेही कळेना. पुढे समजलं, इथे वयानं लहान बाईलाही अम्माच म्हणतात.

मामांची सगळी नोकरी इथल्याच मोटारसायकलच्या कारखान्यात झाली, कार्बोरेटर जोडून तपासायच्या टेबलावर. कारखाना केव्हाच बंद पडला. तिथे बनलेली एक दोन सायलेन्सरची गाडी मात्र मामांच्या पोर्चमध्ये होती, आणि मामी तिला 'माझी सवत' म्हणायच्या. गाडीला किक मारायची दांडी आणि गिअर टाकायची दांडी एकच. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, "हा काय चमत्कार?" त्यावर मामा आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

एका रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली टिंग वाजलं आणि मामांचा आवाज आला, "अय्यो!" वाकून बघते तर मामा गुडघ्यांवर रांगत काहीतरी शोधत होते. मी खाली गेले. मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा पितळी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा स्क्रू, मोरीच्या जाळीत अडकला होता. तो काढून दिला, तर मामांच्या हातातून पुन्हा पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. शेवटी मीच म्हटलं, "कुठे बसवायचा ते सांगा, मी बसवते." मामांनी बोटानं जागा दाखवली. मी तो आटे धरून अलगद फिरवला आणि बसवला. "हात चांगला आहे गं तुझा," मामा म्हणाले, आणि स्वतःचा उजवा हात त्यांनी डाव्या काखेत दडवला. मी चिडकी आहे, फटकळ आहे, पण दगड नाही.

तेव्हापासून शनिवार-रविवार आमचं ठरूनच गेलं. डोळे आणि कान मामांचे, हात माझे. नवरा म्हणायचा, चहालाही पेट्रोलचा वास येतो. येऊ दे म्हटलं.

कार्बोरेटर म्हणजे मोठं काही गूढ नाही. हवेत पेट्रोल किती मिसळायचं हे ठरवणारी ती मुठीएवढी वस्तू. पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटांमधून मोजून येतं, हवा तोंडातून आत ओढली जाते, दोन्हींचं प्रमाण जमलं की गाडी गाते. पण भोक झिजलं, रबर कडक झालं, पेट्रोल अडवणारी सुई खाचली, की संपलं. मामांच्या गाडीचे असली भाग आता मिळत नाहीत, किंवा मिळाले तर सोन्याच्या भावात. बाजारात मिळतं ते स्वस्तातलं किट. प्लॅस्टिकच्या पुडीत चार जेट, सुई, गॅस्केट, दोनचार रबरी कड्या. वर छापलेलं, एकदम ओरिजिनल.

पहिलं किट मी मोठ्या उत्साहानं आणलं आणि सगळं जसंच्या तसं बसवलं. गाडीनं एवढा धूर काढला की समोरच्या घरातल्या आजी नाकाला पदर लावून आत गेल्या. मी रागानं किट घेऊन दुकानात गेले. दुकानदाराशी आधी कानडीत भांडले, कानडी संपल्यावर हिंदीत भांडले, शेवटचं वाक्य मराठीत झालं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, एवढ्या पैशात एवढंच येतं." खोटं नव्हतं ते. म्हणून आणखी राग आला.

मामा हसत सुटले. "किटला कशाला बोलते? तू तपासलं नाही ना!" मग त्यांनी त्यांची रीत दाखवली. इंजेक्शनची मोठी सिरिंज घेतली, तिच्या टोकाला रबरी नळीत जुना जेट घट्ट बसवला, वरून रॉकेल भरलं आणि ते खाली गळून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायला सांगितलं. मग नवा जेट. दोन्हींवर आकडा तोच कोरलेला, पण नव्यातून रॉकेल धो धो गेलं. चार जेटांत एकच खरा निघाला. बाकीचे मामांनी फेकले नाहीत; बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवले. गॅस्केट मात्र छान होतं, आणि सुई काचेवर घासून बसवली तर एक थेंब गळेना. "बघ," मामा म्हणाले, "अर्धं किट कामाचं. कुठलं अर्धं, ते शोधायचं. अष्टे!" म्हणजे, बस, एवढंच.

त्यांचा दुसरा नियम, बंद करायच्या आधी प्रत्येक भोकातून आरपार उजेड बघायचा. कितीही घाई असो. मी मान डोलवली. मान डोलवण्यात मी तोवर पटाईत झाले होते.

गणपतीच्या सुमारास गाडी पुन्हा रुसली. त्याच आठवड्यात बंगळूरहून मामांच्या मुलाचा फोन आला, जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस चांगली किंमत देतोय, विकून टाका. डॉक्टरांनी मामांना चालवायला मनाई केलेलीच होती. मामी बोलल्या, "विका!"

मामींचा राग जुना होता. त्यांचं माहेर कृष्णराजनगरचं. धाकट्या भावाच्या लग्नाला मामा त्यांना याच गाडीवर घेऊन निघाले, आणि गाडी अर्ध्या वाटेत बसली. रेशमी साडीत, भर उन्हात त्या रस्त्याच्या कडेला उभ्या. पोचल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत उठत होती. "माझ्या पाठच्या भावाच्या डोक्यावर माझी अक्षता नाही पडली," हे वाक्य मी या घरात किमान वीसदा ऐकलं आहे.

मामा उठून गाडीपाशी जाऊन उभे राहिले, ते मला बघवेना. मीच मध्ये पडले. "मामी, एक संधी द्या तिला. आम्ही नीट करून दाखवतो."

मामींनी माझ्याकडे रोखून बघितलं. "बरं. विजयादशमीला भावाकडे जेवायला बोलावलंय. मला तिच्यावर घेऊन जा. तू चालव. कुठ्ठे न थांबता कृष्णराजनगरला पोचली तर राहील. थांबली तर विकायची. मग यांनी तोंड पाडून बसायचं नाही."

"सरी," मामा म्हणाले. म्हणजे कबूल. पण आवाज एवढा लहान झाला होता की मला हसू येईना.

पंधरा दिवस आम्ही त्या कार्बोरेटरवर घालवले. तीन दुकानांतून तीन किटं आणली. सगळे जेट सिरिंजवर मोजले. जुन्या असली जेटांपैकी एक अजून शाबूत होता, तो तसाच ठेवला. सुई एका किटातली, गॅस्केट दुसऱ्यातलं, रबरी कड्या तिसऱ्यातल्या. आमच्याकडे नवरात्राच्या दिवसांना माळ म्हणतात. तर आठव्या माळेच्या संध्याकाळी गाडी अशी चालू लागली की मामांनी डोळे मिटले आणि नुसते ऐकत बसले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "आता हात लावू नको. हेच पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, इथली आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारं वापरायची नाहीत, ती पुसून, मांडून पूजायची. सांगलीला आम्ही विळी, अडकित्ता, झालंच तर पप्पांची स्कूटर पुजायचो. इथे सायकलपासून बसपर्यंत सगळ्या गाड्या झेंडूत बुडतात, कोहळे फुटतात, चाकाखाली लिंबं चिरडतात. मामांनी कार्बोरेटरच्या तोंडावरची फिल्टरची रबरी नळी काढून ठेवली. कारखान्यात त्यांच्या टेबलावर तशीच पद्धत होती म्हणे, पूजेला कार्बोरेटरचं तोंड उघडं. "देवापुढे तोंड बांधून कोण बसतं?" मी म्हटलं, बरं. त्यांनी डाव्या हातानं बाहेरून एक छोटा टिळा लावला, मी पाने, पकडी, सिरिंज आणि बिस्किटांचा डबा मांडला, आणि आम्ही वर होळिगे खायला गेलो. पुरणपोळीच ती, पण इथे होळिगेच म्हणायचं.

विजयादशमीला सकाळी मामा बसनं पुढे गेले. "मागून येत आवाज ऐकत बसणं मला जमणार नाही. मी मेव्हण्याच्या दारात बसतो," म्हणाले. जाताना गाडीच्या टाकीवर एकदा हात ठेवला. मी घाईत होते. साडी नको, सलवार-कमीजच बरा, नवऱ्याचा डबा, मामींचं आवरणं. रबरी नळी चढवली, कडी आवळली, किक मारली. पहिल्या किकेत सुरू! ॲक्सिलरेटर सोडला की जरा अडखळत होती, तर मी एक स्क्रू थोडा फिरवून वेग वाढवला आणि म्हटलं, थंड आहे, तापली की होईल.

मामींच्या मोगऱ्याच्या गजऱ्यावर हेल्मेट चढवणं हे कार्बोरेटरपेक्षा अवघड काम होतं. शेवटी गजरा चेपलाच. "हेही तिचंच काम," मामी म्हणाल्या. सवतीला दोष द्यायची संधी त्या कशी सोडतील?

येलवालपर्यंत गाडी झकास गेली. तिथून कृष्णराजनगरचा फाटा घेतला. दोन्हीकडे भात पोटरीला आलेलं, सागरकट्ट्याच्या पुलाखाली पाणी काठोकाठ. मामींनी माझ्या खांद्यावरचा हात सैल केला आणि चक्क गुणगुणायला लागल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो मामा.

पूल ओलांडून एक गाव लागलं, रस्त्यात गतिरोधक आला, मी वेग कमी केला. आणि गाडी बंद पडली.

साधी बंद. धूर नाही, आवाज नाही. मी किक मारली. सुरू झाली, ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. कपाळ माझं! माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी आधी ओरडते. "मेलं ते किट! मेला तो दुकानदार! पंधरा दिवस घातले मी!" रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला उतरून चालायला लागला.

मामी खाली उतरून उभ्या राहिल्या. तोच रस्ता, तशीच रेशमी साडी. त्या काहीतरी टाकून बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी नुसता पदर खोचला.

मी गाडी कडेच्या झाडाखाली घेतली, अवजारांची पिशवी उघडली आणि आधी ती रबरी नळी ओढून काढली. कार्बोरेटरचं तोंड आतून लालभडक. तोंडाच्या कडेला हवेसाठी एक टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, गाडी संथ चालायला तेच लागतं. ते भोक लाल चिखलानं बंद झालेलं. बोट फिरवलं, वास घेतला. कुंकू.

"हे कुठल्या शहाण्यानं केलं?" मी किंचाळले.

"मी," मामी म्हणाल्या.

मी लाल बोट त्यांच्यापुढे धरलं.

"काल तुम्ही वर जेवायला बसलात, तेव्हा मी खाली गेले. आधी बाहेर लावलं चिमूटभर. मग वाटलं, बाहेर लावून काय उपयोग, बिघडते तर ती आतून. म्हणून मूठभर आत घातलं."

"पण तुम्हाला तर ती विकायची होती ना?"

मामींनी हेल्मेट काढलं. "रोज सकाळी ते तिच्यापाशी जाऊन उभे राहतात. हात मागे धरून. बंद गाडी आणि बंद हात, दोन्हीकडे बघत. मला बघवत नाही गं ते. चालली तर राहू दे, नाही तर एकदाची डोळ्यांआड होऊ दे, असं वाटायचं. काल मी तिला म्हटलं, त्यांचा हात गेला, आता तू तरी जाऊ नकोस बाई."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. आणि मग मला लाजच वाटली, कारण कुंकू त्यांनी घातलं असेल, पण सकाळी आरपार न बघता नळी चढवली होती ती मीच. मामांचे नियम दोनच, आणि त्यातला एक माझ्यानं पाळला गेला नाही.

"द्या, काहीतरी बारीक द्या," मी म्हटलं. त्यांनी अंबाड्याची पिन काढली. "पिन नको! भोक मोठं होईल!" मग दोघींचं लक्ष एकदमच गजऱ्याकडे गेलं. इथे गजरा केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफतात. मामींनी फुलं उशीवरून केस काढावेत तशी एकेक ओढून रुमालात ठेवली आणि धागा मला दिला. मी तो पेट्रोलमध्ये बुडवून भोकात सरकवला, फिरवला, काढला. लाल. पुन्हा. लाल. हवेचा स्क्रू काढून त्या जागी तोंड लावून फुंकलं, तर पलीकडून लाल शिंतोडा मामींच्या साडीवर. "जाऊ दे, धुऊ," मामी म्हणाल्या. ज्या बाईनं पदरावरच्या चहाच्या थेंबासाठी मामांना दोन दिवस बोलणी दिली होती, तीच ही. शेवटी कार्बोरेटर सोडवून आभाळाकडे धरून बघितला. भोकातून उजेडाचा ठिपका दिसला.

कार्बोरेटर परत बसवला. तीन किका लागल्या. मग गाडी तशीच संथ चालायला लागली, जशी आठव्या माळेला मामांनी डोळे मिटून ऐकली होती.

"मामी, मामांना सांगायलाच नको," मी म्हटलं. "पाय मोकळे करायला थांबलो म्हणू."

"बघू," मामी म्हणाल्या आणि मागे बसल्या.

कृष्णराजनगरला भावाच्या दारात, कट्ट्यावर मामा बसले होते. गाडीचा आवाज त्यांनी वळणापासूनच ओळखला असणार, कारण आम्ही दिसलो तेव्हा ते उभे होते. उजवा हात काखेत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. माझी बोटं लाल, ओठ लाल. मामींच्या केसांत गजरा नाही. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला काय सांगायचं?

"थांबली?" मामांनी विचारलं.

भाऊ, भावजय, त्यांच्या सुना, सगळे दारात आले होते. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं.

"थांबली," मामी म्हणाल्या. "मी आत मूठभर कुंकू घातलं होतं, म्हणून थांबली. गाडीचा दोष नाही, किटचा नाही, पोरीचा नाही. मुलाला मीच फोन करते, विकायची नाही म्हणून."

"पण अट?" मामा म्हणाले. एवढा साधा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"अट मी घातली होती. मीच काढते."

मामा पायऱ्या उतरून आले. मामींच्या हातात हेल्मेट होतं, ते घ्यायला त्यांनी हात पुढे केला. उजवा. सगळं माहेर बघत होतं. हेल्मेट त्यांच्या हातात लटलटा हलायला लागलं, आणि त्यांनी हात मागे घेतला नाही. मामींनीही हेल्मेट सोडलं नाही. दोघं ते तसंच धरून उभे राहिले, आतून कुणीतरी पानं वाढल्याची हाक मारली तरी.